वेगवेगळ्या काळाचं, वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकून कळायला कसं लागेल? सुरुवातीपासून सांगतो

बरेच जण सांगतात की शास्त्रीय लावलं की दहा मिनिटांत लक्ष उडतं, जॅझमध्ये सगळे एकाच वेळी मनाला येईल ते वाजवतायत असं वाटतं आणि वेस्टर्न क्लासिकलला झोप येते. माझंही कित्येक वर्षं हेच होतं. मी काही वाजवत नाही, गात नाही, नोटेशन मला वाचता येत नाही, पण रोज थोडं थोडं नीट ऐकत गेलो आणि त्यातून एक प्रश्न हाताशी लागला जो कुठल्याही संगीताला विचारता येतो, मग ते चारशे वर्षांपूर्वीचं असो नाहीतर काल रिलीज झालेलं: यात तसंच काय राहिलंय, आणि बदलतंय काय? खाली जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका प्रश्नाभोवती आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

आधी तयारी

तयारी फार नाही. दिवसातली वीस-पंचवीस मिनिटं, पण त्यात दुसरं काहीच करायचं नाही, जेवण नाही, चॅटिंग नाही, प्रवास तर नाहीच. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, कारण त्यातून सगळ्यात खालचे सूर म्हणजे बेस जवळजवळ येतच नाही आणि सुरुवातीला आपल्याला सगळ्यात जास्त मदत बेसचीच होते. साधे वायरवाले इअरफोन पुरतात. आवाज बेताचा ठेवा. एक वही आणि पेन, ॲपमध्ये नोट्स काढल्या तरी चालतं पण मग स्क्रीनकडे बघत बसायला होतं, म्हणून मी वहीच वापरतो.

पायरी १: एकच रचना, चार वेळा

पन्नास गाण्यांची प्लेलिस्ट आत्ता बाजूला ठेवा. पाच-सहा मिनिटांची एकच रचना घ्या आणि एका बैठकीत चारदा ऐका. पहिल्यांदा काहीच करायचं नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा हाताने ठेका धरायचा, चुकला तर सोडून द्यायचा आणि परत पकडायचा. तिसऱ्यांदा फक्त सगळ्यात खालचा आवाज ऐकायचा, बाकी सगळं कानावर पडू दे पण लक्ष खालीच. चौथ्यांदा जिथे जिथे काहीतरी बदललं असं वाटेल तिथे मिनिट-सेकंद लिहायचे आणि पुढे दोन शब्द, "नवीन वाद्य आलं", "शांत झालं", "गायक वर गेला", बास. पारिभाषिक शब्द अजिबात लागत नाहीत.

याच्यासाठी सुरुवातीला मी सगळ्यांना पाकेलबेलचा कॅनन सांगतो. साधारण सव्वातीनशे वर्षांपूर्वीची जर्मन रचना आहे आणि लग्नांच्या व्हिडिओत वगैरे इतकी वाजते की तुम्ही ती ऐकलेली असणारच. त्यात खाली आठ सुरांची एक ओळ आहे, ती २८ वेळा जशीच्या तशी येते, एक सूरही इकडचा तिकडे नाही. वर तीन व्हायोलिनं आहेत आणि तिघंही तीच चाल वाजवतात, फक्त एकामागून एक, प्रत्येक जण पुढच्यापेक्षा दोन बार (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक छोटा गट) उशिरा निघालेला. म्हणजे पहिल्याने जे वाजवलं तेच थोड्या वेळाने दुसऱ्याकडे ऐकू येतं आणि मग तिसऱ्याकडे. आधी फक्त ते आठ सूर मनातल्या मनात म्हणा, आवर्तनं बोटांवर मोजा. ते जमलं की मग वरच्या एका व्हायोलिनचा हात धरून चाला, दुसरी दोन आजूबाजूला राहू देत. पहिल्या दिवशी पंधराव्या-सोळाव्या आवर्तनाला मोजणी चुकते, तीन-चार दिवसांत शेवटपर्यंत पोचता येतं आणि पोचलात की आयुष्यभर हजारदा ऐकलेली ती गोड पार्श्वधून एकदम मजल्या-मजल्यांची इमारत वाटायला लागते.

पायरी २: तसंच काय, बदलतंय काय

आता जरा मोठा घास. फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलची बोलेरो, १९२८ सालची, साधारण पंधरा मिनिटांची. ही निवडायचं कारण म्हणजे यात काय तसंच राहिलंय ते इतकं उघड आहे की बदलाकडे लक्ष द्यायला मन मोकळं होतं. स्नेअर ड्रमवर दोन बारचा एक ठेका सुरू होतो आणि तो १६९ वेळा तसाच वाजतो, सुरुवातीपासून जवळजवळ शेवटापर्यंत. त्यावर दोन चाली आहेत, पहिली सरळ आणि शांत, दुसरी जराशी तिरकी, सूर खाली ओढलेली. याच दोन चाली पंधरा मिनिटं. पहिली चाल आधी फ्लूटवर येते, मग क्लॅरिनेटवर. दुसरी चाल बसून नावाच्या जाड आवाजाच्या वाद्यावर, आणि पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन असं करत करत अख्खा ऑर्केस्ट्रा त्यात उतरतो.

इथे एक जागा मुद्दाम सांगतो. साधारण मध्याच्या जवळ पहिली चाल हॉर्नवर येते आणि तिच्यासोबत दोन पिकोलो म्हणजे छोट्या बासऱ्या आणि सेलेस्टा हे वाद्य तीच चाल पण वेगवेगळ्या पट्टीत वाजवत असतात, सगळे अगदी एकाच क्षणी. कानाला चार वाद्यं वेगळी ऐकूच येत नाहीत, एखादा ऑर्गन वाजतोय असं वाटतं. मला तर पहिल्यांदा खात्रीच होती की ऑर्गन आहे, नंतर कुठल्या वाद्याला काय दिलंय हे वाचलं, परत ऐकलं आणि मग हॉर्न खाली स्वच्छ दिसला. रंग, म्हणजे आवाजाचा पोत, हा सुद्धा चालीइतकाच संगीताचा भाग असतो आणि संगीतकार तो मुद्दाम घडवतो हे मला या एका मिनिटाने शिकवलं. मग अगदी शेवटी, जेव्हा आता काय आणखी होणार असं वाटतं तेव्हा अचानक षड्जच वर सरकतो, जणू आधीच्या गंधाराला सा केला, काही बार तिथे राहून परत मूळ जागी येतो आणि सगळं कोसळतं. तो एक बदल इतका अंगावर येतो कारण आधीची चौदा मिनिटं सूर जागचा हललेला नसतो. (सुरुवात फार हळू आहे म्हणून आवाज वाढवून ठेवू नका, शेवटी कान फुटतील.)

हाच प्रश्न मग सगळीकडे घेऊन जायचा. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत, जी १८०८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तीन छोटे आणि एक लांब असा चार ठोक्यांचा आकार आहे. तिथे सूर सारखे बदलतात पण तो आकार टिकतो, तिसऱ्या भागात हॉर्न तोच आकार छाती काढून वाजवतात तेव्हा ओळख पटली पाहिजे. ब्लूजमध्ये बारा बारचं चक्र तसंच राहतं, गायक पहिली ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत उत्तर देतो, प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार बोलते. हिपहॉपमध्ये खालचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, तसाच आणि वर शब्दांची मांडणी बदलते, त्यामुळे तिथे "चाल कुठाय" असं विचारण्यात अर्थ नाही, रॅपर शब्द ठोक्याच्या आधी टाकतोय की नंतर ते ऐकायचं. टेक्नोमध्ये तर सूर आणि ठेका दोन्ही तसेच, आवाजाचा पोत मात्र हळूहळू उघडत जातो.

आणि ख्याल? तानपुरा तसाच, ठेका तसाच, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, फिरून फिरून येतो, त्यांच्यामधली सगळी जागा मात्र दर वेळी नवीन. ज्यांना विलंबित म्हणजे संथ लयीतला ख्याल लांबच लांब आणि आकारहीन वाटतो त्यांचा मुखडा हातातून सुटलेला असतो, एवढंच.

पायरी ३: मोजायला शिका

मोजणं म्हणजे रसभंग असं काही जणांना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. सुरुवातीला मोजल्याशिवाय आपण कुठे आहोत तेच कळत नाही आणि कुठे आहोत ते कळल्याशिवाय आश्चर्य कशाचं वाटणार.

विलंबित एकतालासाठी एक सोपी खूण देतो. ठेका असा असतो: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. बारा मात्रा. लय इतकी संथ असते की मोजता मोजता माणूस हरवतो, पण "तिरकिट" चटकन ऐकू येतो आणि तो आवर्तनात दोनदाच येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर तू ना येतं, दुसऱ्यानंतर धी ना आणि मग थेट सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. म्हणजे दुसरा तिरकिट आला की दोन मात्रा मोजा आणि समेसाठी तयार राहा, बऱ्याच बंदिशींचा मुखडा तिथेच कुठेतरी उचललेला असतो. ही खूण वापरून तीन-चार आवर्तनं समेवर बरोबर आलात ना, की गायक समेच्या आधी जी ओढ लावतो ती आपोआप पोटात जाणवायला लागते. ज्यांचं आवर्तन अतिशय संथ असतं, उदाहरणार्थ उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमरा हा ताल, चौदा मात्रांचा, ते मात्र थोडं नंतर घ्या. त्याआधी तीनताल, सोळा मात्रा, मध्य लय, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा, तिथून पुढे काही मात्रा तबल्याचा डावा घुमायचा थांबतो तो ऐका.

जॅझसाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या काइंड ऑफ ब्लू या अल्बममधली पहिलीच रचना, सो व्हॉट. सुरुवातीच्या संथ भागानंतर डबल बेस चाल सांगतो आणि बाकीचे दोन सुरांत त्याला हुंकार देतात. रचना ३२ बारची, आठ-आठचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा जशाच्या तसा अर्ध्या सुराने वर, चौथा परत खाली. बस्स, एवढंच. पुढे ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन आणि पियानो एकेक करून याच ३२ बारच्या चक्रावर बोलतात. वाजवणारा काय करतोय ते समजलं नाही तरी चालेल, तुम्ही फक्त तो अर्धा सूर वर गेलेला तिसरा तुकडा पकडा. दर चक्राला एकदा. तो सापडला की "सगळे मनाला येईल ते वाजवतायत" हा समज तिथल्या तिथे गळून पडतो कारण सगळेजण न सांगता एकाच क्षणी वर जातात आणि एकाच क्षणी खाली येतात. आवर्तन आणि सम माहीत असलेल्या माणसाला हे खरं तर लवकर कळतं.

रेगेत उलटं करा, पहिला ठोका शोधू नका. त्याच्या वन ड्रॉप नावाच्या ठेक्यात पहिली मात्रा मोकळीच सोडलेली असते, जोर तिसऱ्यावर पडतो आणि गिटार मधल्या मधल्या जागांवर चिमटे काढते.

पायरी ४: तेच सूर, वेगळं माणूस

हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिन्ही रागांत सूर तेच: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नी, आणि पंचम तिघांतही नाही. पेटीवर वाजवून दाखवायचे म्हटले तर पट्ट्या त्याच दाबल्या जातील. पण मारव्यात रे आणि ध वर गायक रेंगाळतो आणि सा वर यायचं टाळत राहतो, त्यामुळे सतत काहीतरी टांगलेलं, घर लांब असल्यासारखं वाटतं. पूरिया खालच्या सप्तकात, ग आणि नी च्या आधाराने बसतो, गंभीर. सोहनी वरच्या सप्तकात चमकते आणि चंचल आहे. तिघांचे छोटे आलाप एकापाठोपाठ लावा, पाच-पाच मिनिटं, आणि प्रत्येक वेळी फक्त एवढंच लिहा की गायक थांबतोय कुठे. सुरांची नावं कळायची गरज नाही, "खाली थांबला", "वर थांबला", "सा वर आलाच नाही" एवढं पुरे. असंच भूप आणि देशकारचं, तेच पाच सूर, पण भूपाचं मन गंधारावर आणि देशकाराचं धैवतावर.

म्हणजे इथे सूर तसेच आहेत आणि बदललाय तो मुक्काम.

पायरी ५: एकच रचना, दोन रेकॉर्डिंग शेजारी शेजारी

जर्मन संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, १७४१ मध्ये छापलेली. एक आरिया, म्हणजे गाण्यासारखी संथ चाल, आणि तिच्या खालच्या ओळीवर रचलेली ३० रूपं. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गुल्डने ती १९५५ मध्ये रेकॉर्ड केली आणि परत १९८१ मध्ये. पहिलं साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ मिनिटांचं. सगळं ऐकायला वेळ नसेल तर नुसती सुरुवातीची आरिया दोन्हीतली लावा: तरुणपणी तो ती दोन मिनिटांच्या आत संपवतो, २६ वर्षांनी त्याच सुरांना तीन मिनिटं लागतात. कागदावरचे सूर तेच, माणूसही तोच. दोन सुरांमध्ये सोडलेली जागा मात्र बदलली. कुठलं चांगलं हा वाद लोक अजून घालतात, मला विचाराल तर १९८१ चं, कारण त्यात डाव्या हाताची ओळ स्वतंत्र माणसासारखी चालताना ऐकू येते. तुमचं मत वेगळं झालं तर फारच छान, फक्त ते कुठल्या जागेवरून झालं ते लिहून ठेवा.

पायरी ६: त्या काळाचं यंत्र लक्षात घ्या

जुनी रेकॉर्ड लावली की लोक म्हणतात आवाज किती पातळ, किती घाई. घाईचं कारण बऱ्याचदा तबकडी असते. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यातच मुखडा, आलाप, ताना आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर तोंड करून खणखणीत गावं लागायचं. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं आणि मग कुजबुजल्यासारखं गाणंही तबकडीवर उतरायला लागलं, जगभरच्या गायकांची आवाज लावायची पद्धत त्यानंतर बदललेली ऐकू येते. १९४८ मध्ये एलपी म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं, आणि राग घरबसल्या सावकाश ऐकता यायला लागला.

म्हणून जुनं ऐकताना त्याला आजच्या मापाने मोजू नका. केसरबाई केरकरांची "जात कहां हो" ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यावर ती आहे. ती लावा आणि बघा की एवढ्याशा वेळात श्वास न तोडता आवाज कसा एका सुरावरून दुसऱ्यावर वाहत जातो, एकही क्षण वाया नाही. खरखर सुरुवातीला त्रास देते, पण दोन-तीन मिनिटं धीर धरला तर कान ती आपोआप बाजूला टाकतो. खरखर फार पुसून टाकलेल्या कॉपी टाळा, खरखरीबरोबर आवाजाची धारही पुसली जाते. आणि सुरुवातीच्या तबकड्या सगळ्या नेमक्या एकाच वेगाने कोरलेल्या नसत, त्यामुळे पट्टी वर-खाली वाटली तर तो गायकाचा गुण किंवा दोष धरू नका.

साठच्या दशकातल्या स्टिरिओ गाण्यांसाठी एक मस्त युक्ती: एक इअरफोन काढून ठेवा. तेव्हाच्या बऱ्याच मिक्समध्ये गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असायची, त्यामुळे बेस किंवा कोरस एकटा ऐकायला मिळतो. आजच्या गाण्यात हे सहसा जमत नाही.

बेसूर वाटलं तर

नवीन संगीत ऐकताना "हे बेसूर आहे" असं वाटलं की तिथेच थांबा आणि दुसऱ्यांदा ऐका. इंडोनेशियातल्या बालीच्या गॅमेलान या वाद्यवृंदात धातूच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित वर लावलेलं असतं. दोन्ही एकदम वाजली की सुरात थरथर येते, त्या थरथरीशिवाय तो आवाज त्यांना मेलेला वाटतो. (गॅमेलानमध्येही मोठं आवर्तन असतं आणि त्याच्या शेवटी सगळ्यात मोठी घंटा पडते. सम शोधायची सवय असेल तर तुम्ही तिची वाट बघायला लागाल.) ब्लूजमधला गायक कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या कुठल्यातरी जागेवर जातो, तीच तर त्याची व्यथा सांगायची जागा. जो सूर खटकतो तो दर वेळी त्याच ठिकाणी येतोय का ते बघा. येत असेल तर तो ठरवून आहे.

पायरी ७: पुढे काय ऐकायचं ते कसं ठरवायचं

याद्या बघून ऐकू नका, आवडत्या गाण्यापासून मागे जा. तुम्हाला ड्रम अँड बेस हे वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत आवडत असेल तर त्यातला तो धावता ड्रम बऱ्याचदा १९६९ च्या अमेन, ब्रदर या गाण्यातल्या सहा-सात सेकंदांचा आहे, द विन्स्टन्सचा ड्रमर ग्रेगरी कोलमनने वाजवलेला, हजारो गाण्यांत वापरलाय. ते मूळ गाणं ऐका, त्यावरून सोल आणि फंक, तिथून गॉस्पेल आणि ब्लूज. प्रत्येक पावलाला काय पुढे आलं आणि काय गळलं ते दिसतं. एका प्रकाराला निदान एक महिना द्या, आणि पहिले तीन दिवस मत बनवू नका. चौथ्या दिवशी आवडलं नाही तर बिनधास्त सोडा, वर्षभराने परत या.

वहीत मी तीनच गोष्टी लिहितो, उदाहरण देतो. "बोलेरो. तसंच: ड्रम, चाली. बदललं: वाद्यं, आवाजाची पातळी. परत ऐकायची जागा: हॉर्न आणि पिकोलो." पान संपलं. सहा महिन्यांनी तीच रचना वही न उघडता ऐकायची, नवीन पान लिहायचं आणि मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. माझ्या पहिल्या पानावर हॉर्नच्या जागी "ऑर्गन?" असं लिहिलेलं आहे, ते मी खोडलेलं नाही.